वाचकांचे प्रश्न : मोबाइलवरचा आहाराचा हिशेब आणि आपल्या तव्यावरची भाकरी

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत. जेवण नोंदवले की कॅलरी सांगणारी ॲप, पाकिटावरची रेघांची पट्टी टिपून पदार्थाला गुण देणारी ॲप, आहारावरच्या प्रश्नमंजूषा आणि पडद्यावर ताट रचायला लावणारे खेळ आता आपल्या तालुक्यांत आणि वाड्या-वस्त्यांवरही पोहोचले आहेत. त्यांच्यावर किती विसंबावे आणि त्यांच्याकडून नेमके काय शिकावे, असे वाचक विचारत आहेत. त्यांतली पाच पत्रे येथे घेतली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून दिलेली नाहीत.

माझे मत आधीच सांगते, म्हणजे पुढची उत्तरे कोणत्या भूमिकेतून लिहिली आहेत हे वाचकांच्या लक्षात येईल. ही साधने मला उपयोगी वाटतात. भिंतीवरचा आहाराचा तक्ता सगळ्यांना एकच गोष्ट सांगतो, पण या साधनांत विचारणाऱ्याने स्वतःचे जेवण भरले की उत्तर त्या जेवणाविषयी मिळते आणि तिथल्या तिथे मिळते. मात्र बहुतेक ॲप दूरच्या शहरांतल्या स्वयंपाकघरांकडे पाहून तयार झालेली असतात. त्यांना आपली भाकरी, आपली वाटी आणि आपली फोडणी समजावून सांगण्याचे काम वापरणाऱ्यालाच करावे लागते, आणि माझ्या अनुभवात खरे शिक्षण त्या कामातच होते.

प्रश्न : माझ्या मुलीने दिवाळीत पुण्याहून येऊन माझ्या मोबाइलमध्ये आहाराचे ॲप घालून दिले. मी रोजचे खाणे त्यात नेमाने लिहिते. ‘भाकरी’ शोधली की एका भाकरीच्या ११० कॅलरी दाखवतात. मी दोन्ही वेळा दीड-दीड भाकरी खाते, सोबत वरण, भाजी आणि चटणी असते. ॲपच्या हिशेबाने माझे जेवण फारच थोडे भरते, तरीही वजन कमी होत नाही. ॲप चुकते की माझे काही चुकते?
(एक गृहिणी, वय ४८, सेलू, जि. परभणी)

उत्तर : ताई, आपण नेमाने नोंद ठेवता, हेच कठीण काम आहे आणि ते आपण केले आहे. चूक आपल्या खाण्यात नाही आणि ॲपच्या गणितातही नाही, ती ‘एक भाकरी’ या मापात आहे. ११० कॅलरींची भाकरी म्हणजे साधारण ३३ ग्रॅम पिठाची, फुलक्याएवढी भाकरी. आपल्याकडे परातीत थापून अख्खा तवा व्यापणारी भाकरी करतात, तिला सहज ८० ते ९० ग्रॅम पीठ लागते. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३३० कॅलरी असतात, म्हणजे आपली एक भाकरी २६५ ते ३०० कॅलरींची झाली. दिवसाच्या तीन भाकऱ्यांच्या ॲपने ३३० कॅलरी धरल्या, प्रत्यक्षात त्या ८०० च्या वर आहेत. एवढी तफावत रोज पडत असेल तर वजनाचे कोडे उलगडायला दुसरे कारण शोधावे लागत नाही.

यावर उपाय सोपा आहे आणि त्याला काटासुद्धा लागत नाही. गिरणीतून एक किलो पीठ मोजून आणावे, ते वेगळ्या डब्यात ठेवावे आणि त्यात किती भाकऱ्या झाल्या हे मोजावे. बारा झाल्या तर एक भाकरी ८३ ग्रॅमची, सोळा झाल्या तर ६२ ग्रॅमची. नंतर ॲपमध्ये ‘भाकरी, एक नग’ असे न लिहिता ‘ज्वारीचे पीठ’ शोधून ग्रॅम भरावेत. भाजलेली भाकरी काट्यावर ठेवून ते वजन पीठ म्हणून लिहू नये, कारण भाकरीत पाणी असते आणि मग हिशेब उलट्या बाजूने चुकतो.

दुसरी गळती तेलाची आणि कुटाची आहे. ॲपमध्ये ‘पालेभाजी, एक वाटी’ लिहिले की कुणीतरी ठरवलेले तेल त्यात गृहीत धरले जाते, ते आपल्या पळीतले नसते. शेंगदाण्याची चटणी तर पुष्कळ जणी लिहीतच नाहीत, कारण ती तोंडी लावणे मानली जाते. परंतु शेंगदाण्यात वजनाच्या सुमारे चाळीस टक्के स्निग्धांश असतो. माणूस आपले खाणे कमी नोंदवतो, ही आहारशास्त्रात अनेक अभ्यासांतून वारंवार दिसलेली गोष्ट आहे. त्यात लबाडी नसते. तोंडी लावणे, चव पाहणे आणि मुलांच्या ताटातले उरलेले संपवणे आपल्या लक्षातच राहत नाही.

तेलाचा हिशेब रोजच्या पळीवर ठेवण्यापेक्षा डब्यावर ठेवावा, असे मी नेहमी सुचवते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत दिवसाला २००० कॅलरींच्या आहारासाठी २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. चार मोठ्या माणसांच्या घरात हे रोजचे १०८ ग्रॅम होते आणि या हिशेबाने १५ किलोचा डबा सुमारे १३९ दिवस, म्हणजे साडेचार महिने पुरला पाहिजे. डबा उघडला त्या दिवशी त्यावर तारीख लिहून ठेवावी. तो दोन-सव्वादोन महिन्यांत संपत असेल तर घरात दुप्पट तेल चालले आहे, हे कोणत्याही ॲपशिवाय कळते. करडईचे तेल चांगले म्हणून त्याला ही मर्यादा नाही, असेही समजू नये. करडईतील स्निग्धाम्ले हिताची आहेत हे खरे, पण कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅममध्ये नऊच कॅलरी असतात.

आता एक महत्त्वाची गोष्ट. हे आकडे वाचून आपण भाकरी सोडाल, अशी मला भीती वाटते, म्हणून त्याच सूचनांतले दिवसभराचे ताट येथे देते. २००० कॅलरींसाठी धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम व त्यांपैकी १०० ग्रॅम हिरव्या पालेभाज्या, फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर आणि शेंगदाणे, तीळ, जवस यांसारखे दाणे ३५ ग्रॅम. आपल्या तीन भाकऱ्या जवळजवळ या २५० ग्रॅमइतक्याच भरतात. बैठे काम करणाऱ्या स्त्रीची गरज २००० पेक्षा कमी, साधारण १६६० कॅलरींची धरली जाते, म्हणून अर्धी भाकरी कमी करायला वाव आहे. वर भातही घेत असाल तर एक कमी करावी. खरी उणीव डाळीत आणि भाजीत निघेल, असा माझा अंदाज आहे. चौघांच्या वरणाला एक वाटी तूरडाळ घातली की माणशी पस्तीस-चाळीस ग्रॅमच येते आणि बाकीची डाळ उसळीतून, पिठल्यातून किंवा मुगाच्या धिरड्यातून यावी लागते. ज्या भागात तूर पिकते त्या भागातली आमटी इतकी पातळ असावी, याचे मला वाईट वाटते.

नोंद वर्षभर रोज ठेवण्याची गरज नाही. पंधरा दिवस नीट मापून लिहावे, त्यात एक आठवडी बाजाराचा आणि एक सणावाराचा दिवस असावा. तेवढ्यात डोळ्याला माप बसते. पुढे पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात भाज्या बदलल्या की आठवडाभर पुन्हा लिहावे. शक्य असल्यास राष्ट्रीय पोषण संस्थेचे ‘न्यूट्रीफाय इंडिया नाऊ’ हे ॲप वापरून पाहावे. २०१७ मध्ये याच संस्थेने ५२८ भारतीय खाद्यपदार्थांची पोषणमूल्ये प्रसिद्ध केली आहेत आणि आपल्या धान्यांसाठी, डाळींसाठी परदेशी कोष्टकांपेक्षा ती जवळची आहेत. ठळक आकडे एका वहीतही उतरवून ठेवावेत. अमेरिकेच्या कृषी विभागाने २०११ मध्ये ‘सुपरट्रॅकर’ नावाचे आहार नोंदवण्याचे साधन मोठ्या तयारीने सुरू केले होते. ते ३० जून २०१८ रोजी बंद झाले आणि वर्षानुवर्षे नोंदी ठेवणाऱ्यांना त्या त्याआधी उतरवून घ्याव्या लागल्या. सरकारी साधनाचे असे होऊ शकते, तर आपल्या मोबाइलमधल्या ॲपचेही होऊ शकते.

हे सर्व करूनही तीन महिन्यांत वजनात फरक पडला नाही तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. आपल्या वयात ती एरवीही केलेली बरी.

प्रश्न : माझे किराणा दुकान आहे. तरुण गिऱ्हाइके पाकिटावरची पट्टी मोबाइलने टिपतात आणि ॲपने कमी गुण दिले की माल परत फळीवर ठेवतात. गंमत म्हणजे एकच बिस्किट एका ॲपवर ‘बरे’ ठरते आणि दुसऱ्यावर ‘टाळा’. खरे कोणाचे मानावे? शिवाय मी सुटी शेव आणि फरसाणही विकतो, त्याचे गिऱ्हाइकांना काय सांगू?
(एक दुकानदार, औसा, जि. लातूर)

उत्तर : दोन्ही ॲप आपापल्या जागी खरी असू शकतात, कारण त्यांच्या फूटपट्ट्या वेगळ्या आहेत. फ्रान्समध्ये २०१७ पासून वापरात आलेली ‘न्यूट्री-स्कोअर’ पद्धत १०० ग्रॅममागची साखर, मीठ, संपृक्त स्निग्धांश आणि कॅलरी यांचे अवगुण एका बाजूला आणि तंतू, प्रथिने, फळे-भाज्या यांचे गुण दुसऱ्या बाजूला धरून पदार्थाला पाच अक्षरांपैकी एक अक्षर देते. चिलीने २०१६ मध्ये वेगळी वाट घेतली. तेथे ठरलेली मर्यादा ओलांडली की पाकिटावर काळा अष्टकोनी इशारा छापावा लागतो आणि चांगल्या गुणांनी तो पुसला जात नाही. काही ॲप त्यांत रंग आणि टिकवण्याची द्रव्ये यांचेही गुण कापतात. बिस्किट तेच राहते आणि निकाल बदलतो. शिवाय अशा ॲपमागची माहिती कुठून आली हेही पाहावे लागते. फ्रान्समध्ये २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘ओपन फूड फॅक्ट्स’सारख्या कोशात पाकिटांची माहिती जगभरचे स्वयंसेवक भरतात. काम मोलाचे आहे, पण कंपनीने पदार्थाची कृती बदलली आणि कोशात जुनीच राहिली, असे घडू शकते.

म्हणून पट्टी टिपणे ही सुरुवात समजावी आणि मग पाकीट उलटून पाहावे. कायद्याने पाकिटावरची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावी लागते, मराठीची सक्ती नाही, आणि आपल्या बहुतेक वडीलधाऱ्या गिऱ्हाइकांची अडचण येथेच सुरू होते. त्यांना आपण तीन गोष्टी सांगू शकता. पहिली अशी की घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. ‘नाचणीचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिस्किटात पहिले नाव मैद्याचे, दुसरे साखरेचे आणि नाचणी चौथी-पाचवी असेल तर ते मैद्याचेच बिस्किट आहे. साखर कधी डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप किंवा ग्लुकोज सिरप अशा नावांनीही येते. दुसरी गोष्ट मिठाची. तक्त्यात मीठ लिहिलेले नसते, सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेले असते, आणि त्याला अडीचने गुणले की मीठ निघते. १०० ग्रॅम नमकीनमध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर मीठ २ ग्रॅम झाले. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे, म्हणजे १५० ग्रॅमचे एक पाकीट बोलता बोलता संपवणाऱ्याचे दिवसाच्या मिठापैकी ३ ग्रॅम तेथेच गेले. आपल्या जेवणात लोणचे आणि पापड आहेतच. तिसरी गोष्ट ‘एका वाढणीची’, म्हणजे एका वेळी खायच्या मापाची आहे. कंपनी वाढणी ३० ग्रॅमची धरते आणि टक्केवारी २००० कॅलरींच्या मोठ्या माणसावर काढते. पाकीट मात्र आठ वर्षांचे मूल एकट्याने संपवते, ज्याची दिवसाची गरज १७०० कॅलरींच्या आसपास आहे.

पाकिटावरच्या चौदा अंकी अन्नसुरक्षा परवाना क्रमांकाविषयी गैरसमज आढळतो म्हणून लिहिते. तो क्रमांक व्यवसायाला परवाना आहे एवढेच सांगतो, पदार्थ पौष्टिक आहे असे सांगत नाही.

सुट्या शेव-फरसाणाला पट्टीच नसते, म्हणून ॲप तेथे गप्प बसते आणि गिऱ्हाईक त्या शांततेला संमती समजते. ॲपमुळे निर्माण होणारा हा धोका मला मोठा वाटतो. ज्याच्याकडून माल घेता त्याला तेल कोणते वापरतो आणि तेच तेल किती वेळा तापवतो, हे विचारायचा आपल्याला अधिकार आहे. जानेवारी २०२२ पासून खाद्यपदार्थातील एकूण तेल-तुपात कारखानी ट्रान्स फॅट दोन टक्क्यांहून अधिक असू नये असा नियम आहे. दुकानात एक छोटी पाटी लावता आली तर पाहा. दिवसाचे मीठ एक सपाट चहाचा चमचा आणि दिवसाची साखर २५ ग्रॅमपर्यंत, एवढेच मोठ्या मराठी अक्षरांत लिहावे. फुटाणे आणि भाजके शेंगदाणे डोळ्यांच्या उंचीवर ठेवावेत, एवढी मागणी मी आपल्याकडे हक्काने करते.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला शिकवतो. आहारावर मुलांसाठी ऑनलाइन प्रश्नमंजूषा तयार करायची आहे. शाळेत एक मोठा टीव्ही आहे आणि माझा मोबाइल आहे. प्रश्न कसे असावेत? आमच्या वर्गातली बरीच मुले दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जातात, हेही लक्षात घ्यावे.
(एक शिक्षक, वडवणी तालुका, जि. बीड)

उत्तर : गुरुजी, ‘संतुलित आहार म्हणजे काय?’ असा प्रश्न देऊन चार पर्याय ठेवले तर ती छापील स्वाध्यायाचीच नक्कल होईल. मुलाने आधी अंदाज करावा, लगेच उत्तर पाहावे आणि आपला अंदाज का चुकला हे तिथेच वाचावे, या क्रमात अशा साधनाची शक्ती आहे. गुगल फॉर्मच्या प्रश्नमंजूषेत बरोबर उत्तरासाठी एक आणि चुकीच्या उत्तरासाठी एक असे स्पष्टीकरण जोडता येते. बरोबर उत्तरापेक्षा चुकीच्या उत्तराखाली काय लिहिता याची अधिक काळजी घ्यावी.

सुरुवात शाळेतल्याच जेवणापासून करावी, असे मी सुचवीन. पोषण आहार योजनेत सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे मानक आहे आणि त्यासाठी १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ व ७५ ग्रॅम भाजी धरली जाते. एके दिवशी मुलांना स्वयंपाकघराशी नेऊन कच्चा तांदूळ, डाळ आणि भाजी मोजून दाखवावी, १५० ग्रॅम तांदळाचा ढीग केवढा दिसतो हे हाताने पाहू द्यावे, आणि मग वर्गात टीव्हीवर प्रश्न टाकावा : आजच्या खिचडीत माणशी डाळ किती आली असेल? आकडा त्यांनीच काढलेला असला की तो विसरला जात नाही. दुसरा प्रश्न मधल्या सुट्टीचा घ्यावा. पाच रुपयांचे चिप्स आणि पाच रुपयांचे फुटाणे यांपैकी शरीर बांधणारी प्रथिने कशात जास्त? फुटाण्यांत १०० ग्रॅममागे सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात, चिप्समध्ये सहा-सात. तिसरा प्रश्न हुरड्याचा, चौथा सीताफळाचा, पाचवा अंबाडीच्या भाजीचा, असे आपल्या शिवारातलेच पदार्थ घ्यावेत. ब्रोकोली आणि ओट्स यांची चित्रे असलेली तयार प्रश्नमंजूषा उतरवून घेऊ नये, कारण चांगले खाणे म्हणजे शहरातले महागडे खाणे अशी समजूत मुलांच्या मनात त्यातूनच रुजते.

काही गोष्टी मात्र कृपया करू नयेत. मुलांची वजने वर्गात जाहीर करू नयेत, त्यांना कॅलरींचे लक्ष्य देऊ नये आणि कोणाच्याही डब्याला गुण देऊ नयेत. चटणी-भाकरी आणणाऱ्या मुलाच्या डब्यासमोर लाल खूण आली तर ते मूल त्या दिवसापासून डबा लपवील. या वयात वजनाची आणि कॅलरींची धास्ती घेतलेल्या मुली पुढे जेवण टाळू लागतात, हे मी स्वतः पाहिले आहे. फॉर्ममध्ये नाव आणि मोबाइल क्रमांक विचारू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे, आणि आपल्या कामासाठी नावाची गरजही नाही. चार-चार मुलांचे गट करावेत आणि गटाला ‘ज्वारी’, ‘तूर’, ‘करडई’ अशी नावे द्यावीत. तीन आठवड्यांनी तेच प्रश्न क्रम बदलून पुन्हा द्यावेत. पहिल्या दिवशीच्या उत्साहापेक्षा तीन आठवड्यांनी काय उरले हे अधिक खरे असते.

ऊसतोडीला गेलेल्या मुलांचा आपण उल्लेख केलात, त्याबद्दल मनापासून आभार. फडावर पहाटे एकदा भाकरी होते आणि तीच दिवसभर पुरवायची असते. भाजी मिळेल तेव्हा. तेथल्या पालकांच्या मोबाइलवर दुवा पाठवता येईल, पण त्या मुलांसाठी प्रश्न वेगळे लिहावे लागतील. फ्रिज नाही, वेळ नाही, चूल एकदाच पेटते, अशा दिवसात भाकरीबरोबर काय टिकते आणि काय बळ देते, असा एक प्रश्न ठेवावा. त्याच्या उत्तरात भिजवलेली मटकी, शेंगदाणे, गूळ-फुटाणे आणि उकडलेले अंडे येऊ द्यावे. ती मुले परत आल्यावर त्यांनाच पुढचे पाच प्रश्न तयार करायला सांगावे.

प्रश्न : मला आठ वर्षांपासून मधुमेह आहे. ॲपमध्ये जेवण नोंदवू लागल्यापासून भात बंद केला, भाकरीवर आलो. घरच्या यंत्रावर साखर चांगली येते. ॲप म्हणते ‘उत्तम नियंत्रण’. गोळी निम्मी केली तर चालेल का?
(एक निवृत्त कर्मचारी, नांदेड)

उत्तर : नाही. गोळीत बदल फक्त आपल्या डॉक्टरांनी करावा. ‘उत्तम नियंत्रण’ हे शब्द आपली गोळी, मूत्रपिंडे किंवा वय पाहून लिहिलेले नाहीत, यंत्रावरचे आकडे एका मर्यादेत आले म्हणून ते उमटले. तथापि खाणे कमी केले आणि गोळ्यांची मात्रा तीच राहिली तर काही गोळ्यांनी व इन्सुलिनने साखर फार उतरू शकते. घाम, हातांची थरथर, घाबरल्यासारखे वाटणे किंवा चक्कर आल्यास लगेच साखर-पाणी घ्यावे आणि तपासणीसाठी दिलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे. भेटताना ॲपमधल्या महिन्याभराच्या नोंदी आणि साखरेचे आकडे सोबत न्यावेत. डॉक्टरांना त्यांचा खरोखर उपयोग होतो. ज्वारीत तंतू असले तरी भाकरीनेही साखर वाढते, तेव्हा भाताऐवजी चार भाकऱ्या, असा बदल झालेला नाही ना, हेही पाहावे.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर नोंदी करणे मला जमते, पण मातांच्या बैठकीत मोबाइलवरून शिकवावे कसे हे कळत नाही. बैठकीला पंधरा-वीस जणी येतात, निम्म्या जणींना वाचता येत नाही, आणि मोबाइल एकच.
(सेनगाव तालुका, जि. हिंगोली)

उत्तर : ताई, पोषण ट्रॅकर नोंदीसाठी आहे, शिकवण्याची रीत वेगळी ठेवावी लागेल. एकच मोबाइल असणे मला अडचण वाटत नाही. परभणीजवळच्या एका बचत गटात आम्ही सतरंजीच्या मध्यभागी एक स्टीलचे ताट आणि रिकाम्या वाट्या ठेवल्या होत्या. एका वहिनींना काल संध्याकाळचे जेवण त्यात प्रत्यक्ष वाढायला सांगितले, भाकरी कागदाची आणि डाळ, शेंगदाणे खरे होते. बाकीच्या जणींनी वाद घातला : एवढेच वरण घेतेस का, भाजी कुठे आहे, सगळ्यांच्या मागून जेवतेस म्हणून उरलेले घेतेस का? वाद झाल्यावरच ते ताट मोबाइलमध्ये भरले. मराठीत बोलून शोधता येते, त्यामुळे टंकलेखनाची गरज पडली नाही, आणि आलेला आकडा मोठ्याने वाचून दाखवला. बैठकीत सर्वांत जास्त शिकणे झाले ते मोबाइल हातात घेण्याच्या आधी.

एक गोष्ट मोबाइल सांगणार नाही, ती आपण तोंडाने सांगावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. ॲप लोहाचे एकूण मिलिग्रॅम मोजते. त्यातले अंगी किती लागेल हे बहुतेक ॲप मोजत नाहीत. त्याच पालेभाजीवर लिंबू पिळले तर लोह अधिक शोषले जाते आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी शोषले जाते, पण पडद्यावरचा आकडा दोन्ही वेळा सारखाच दिसतो. म्हणून ताटाशेजारी एक लिंबू आणि एक कपबशी ठेवावी आणि जेवणानंतर तासभर कपबशी दूर का सरकवायची हे सांगावे. ज्वारीच्या वाणावाणांतही फरक असतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ हे लोह आणि जस्त अधिक असलेले वाण दिले आहे. ॲपच्या लेखी मात्र सगळी ज्वारी एकच. गरोदर मातांना कोणत्याही ॲपमधले वजन कमी करण्याचे लक्ष्य दाखवू नये, आणि लोहाच्या गोळ्या आहाराच्या भरवशावर बंद करू देऊ नयेत.

उन्हाळ्यात ताज्या भाज्या मिळत नाहीत, अशी तक्रार बैठकीत नक्की येईल. त्या वेळी वाळवून ठेवलेली हरभऱ्याची भाजी, मोड आलेली मटकी आणि विहिरीकाठची घोळ यांची चर्चा घ्यावी. ही नावे ॲपमध्ये सापडली नाहीत तर कोणत्या नावाने शोधल्यावर काय आले, हे एका कागदावर टिपून ठेवावे. बैठकीतल्या चार-पाच ताटांची, कोणाचाही चेहरा न येता घेतलेली छायाचित्रे आणि तो कागद आपण या सदराकडे पाठवलात, तर पुढच्या अंकात त्या ताटांचा हिशेब आणि न सापडणाऱ्या भाज्यांची पर्यायी नावे छापण्याची व्यवस्था करते.